जीवनदायी ते जनआरोग्य : परिणाम मोजायचा राहूनच गेला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

राज्याच्या आरोग्य विमा योजनेविषयी (आधीची राजीव गांधी जीवनदायी, आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना) जेव्हा जेव्हा माहिती प्रसिद्ध होते तेव्हा तिच्यात दोन आकडे हमखास असतात : इतक्या लाख रुग्णांवर उपचार झाले आणि इतके कोटी रुपये रुग्णालयांना अदा केले गेले. दोन्ही आकडे खरे असतील, परंतु त्यांतून कळते ते फक्त शासनाने काय केले. योजना नसती तर यांपैकी किती जणांनी कर्ज काढून का होईना उपचार घेतलेच असते, किती जण दुखणे अंगावर काढत घरी बसले असते आणि किती जण आज हयात नसते, या प्रश्नांना ते आकडे स्पर्शही करत नाहीत. अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना अर्थमिती, म्हणजे आकडेवारीतून आर्थिक प्रश्नांची कार्यकारणे तपासण्याचे शास्त्र, शिकवलेला शिक्षक म्हणून मला असे मांडायचे आहे की, या प्रश्नांची उत्तरे काढण्याच्या पद्धती आता चांगल्या रुळल्या आहेत; त्या वापरता येतील असे प्रसंगही महाराष्ट्राच्या योजनेत, कोणी मुद्दाम न ठरवता, एकापेक्षा अधिक वेळा निर्माण झाले; मात्र योजनेची तपशीलवार माहिती अभ्यासकांना खुली नसल्यामुळे त्या प्रसंगांचा व्हावा तेवढा उपयोग झालेला नाही.

मुळात हा प्रश्न अवघड का आहे, ते आधी सांगतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षात, बाळंतपण वगळता रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णाचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. हे वाचून ‘खासगी उपचार सात पट महाग’ असा मथळा सहज सुचतो. पण दोन्हीकडचे रुग्ण सारखे नसतात. कोणता आजार घेऊन कोण कुठे जातो, हे त्याची ऐपत, गावापासूनचे अंतर, आजाराची तीव्रता आणि ओळखीपाळखी यांवर ठरते, आणि यांतील निम्म्या गोष्टी सर्वेक्षणाच्या तक्त्यात उतरतच नाहीत. विमा असलेल्या व नसलेल्या कुटुंबांच्या तुलनेत हा दोष आणखी वाढतो. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल तर कागदपत्रांची जुळवाजुळव करून कार्ड काढून घेतले जाते. धडधाकट कुटुंबाला त्याची आठवणही नसते. मग विमाधारक कुटुंबांत आजारपण जास्त आणि रुग्णालयाच्या वाऱ्याही जास्त असे दिसते, आणि साधी सरासरी काढणारा माणूस विम्यामुळे आजार वाढतात या निष्कर्षाला येऊन पोहोचतो. आरोग्याच्या अर्थशास्त्रात अर्थमितीची गरज पडते ती नेमकी या ठिकाणी. ‘योजना नसती तर काय झाले असते’ ही न घडलेली गोष्ट ज्यांच्याकडे पाहून ताडता येईल, असा तुलनेचा योग्य गट शोधणे हेच तिचे काम.

हा गट मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग सोडतीचा. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात सहा ठिकाणची कुटुंबे निवडून त्यांना वेगवेगळ्या विमा योजना यादृच्छिक पद्धतीने वाटून दिल्या. कोणाला सर्व उपचार मोफत होते, तर कोणाला ठरावीक मर्यादेपर्यंत ९५ टक्के खर्च स्वतः करावा लागत होता. ज्यांच्या खिशाला झळ बसत होती त्यांचा उपचारांवरील खर्च मोफत गटाच्या तुलनेत जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघाला, आणि सरासरी प्रकृतीत मात्र फारसा फरक दिसला नाही. हे वाक्य इथेच तोडून विम्याला विरोध करणाऱ्यांनी पुढे पुष्कळ वापरले. त्याच प्रयोगात गरीब आणि रक्तदाबाने ग्रस्त असलेल्यांना मोफत उपचारांचा स्पष्ट फायदा झाल्याचेही नोंदले गेले होते, ते सहसा सांगितले जात नाही. पुढे २००८ मध्ये ऑरेगन राज्याने मेडिकेड या सरकारी विम्यातील सुमारे १० हजार जागांसाठी अर्ज मागवले, तेव्हा सुमारे ९० हजार जणांनी नावे नोंदवली आणि राज्याला सोडत काढावी लागली. सोडतीत नाव लागलेले आणि न लागलेले यांच्यात नशिबाखेरीज फरक नसल्यामुळे एमी फिंकेलस्टाइन, कॅथरीन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विम्याचा परिणाम स्वच्छपणे मोजता आला. विमा मिळाल्यावर उपचार घेण्याचे प्रमाण वाढले, वैद्यकीय देणी कमी झाली, नैराश्य लक्षणीय घटले. परंतु दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील साखरेच्या नियंत्रणात सांख्यिकीयदृष्ट्या ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही. विमा मिळाला की लोक तातडीच्या विभागात जाणे कमी करतील ही अपेक्षाही खोटी ठरली. विमा मिळालेल्यांच्या तिथल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या.

सोडत म्हटली की आपल्याकडे काही जण ‘गरिबांवर प्रयोग’ म्हणून नाक मुरडतात. म्हाडाची घरे आणि शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के प्रवेश आपण सोडतीनेच देतो, आणि जागा कमी व गरजू जास्त असताना तीच सर्वांत न्याय्य पद्धत आहे असे मानतो. शिवाय तुलनेच्या गटाची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्यात ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावांत, कोणताही हस्तक्षेप न करता, जन्ममृत्यूंची तितक्याच काटेकोरपणे नोंद ठेवली. सेवेच्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला आणि तुलनेच्या गावांत तो ६० च्या घरातच राहिला. १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा जगाने त्याची दखल घेतली, याला ती ४७ गावेही तितकीच कारण होती. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घरोघरी नवजात बालसेवा सुरू झाली, तिचा पाया या प्रयोगात आहे.

जिथे सोडत नसते तिथे पद्धतीची निवड निष्कर्ष बदलू शकते, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेली, रुग्णालयात बाळंतपण करणाऱ्या मातांना रोख मदत देणारी जननी सुरक्षा योजना. २०१० मध्ये लॅन्सेटमध्येच आलेल्या एका अभ्यासात योजनेचा लाभ घेतलेल्या मातांची, वय, शिक्षण, सांपत्तिक स्थिती अशा बाबतींत त्यांच्याशी जुळणाऱ्या लाभ न घेतलेल्या मातांशी तुलना केली होती, आणि दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २.३ नवजात मृत्यू टळले असे अनुमान काढले होते. २०१५ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी, योजना वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळ्या वेळी सुरू झाली या गोष्टीचा आधार घेतला आणि प्रत्येक जिल्ह्याची त्याच्याच पूर्वस्थितीशी व इतर जिल्ह्यांशी तुलना केली. त्यांना नवजात मृत्यू घटल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. रुग्णालयातील बाळंतपणे वाढली याबद्दल दोघांचेही एकमत आहे. मला दुसरी पद्धत अधिक विश्वासार्ह वाटते, कारण रोख मदत घेण्यासाठी जी माता दवाखान्यापर्यंत पोहोचली तिच्या घरची परिस्थिती, सासरच्यांची वृत्ती, आशाताईंशी संपर्क हे सगळे आधीच अनुकूल असते, आणि वय व शिक्षण जुळवल्याने ते जुळत नाही.

आरोग्य विम्याच्या बाबतीत आपला शेजारी कर्नाटक या कामात आपल्यापुढे आहे, हे कबूल करायला हवे. तिथे वाजपेयी आरोग्यश्री ही हृदयविकार, कर्करोग अशा मोठ्या आजारांसाठीची योजना २०१० मध्ये राज्याच्या उत्तर भागात आधी सुरू झाली. अभ्यासकांनी योजना लागू असलेल्या आणि नसलेल्या प्रदेशांच्या सीमारेषेवरची ५७२ गावे निवडली आणि रेषेच्या अलीकडची व पलीकडची कुटुंबे तपासली. योजनेत समाविष्ट असलेल्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत योजनेच्या गावांत ०.३२ टक्के, तर पलीकडच्या गावांत ०.९० टक्के आढळले. हे अंतर मला अजूनही आश्चर्यकारक वाटते, कारण रुग्णालयातील उपचारांचा इतका मोठा परिणाम अन्यत्र क्वचितच दिसतो. मात्र त्या अभ्यासातच एक चांगली पडताळणी होती. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबे योजनेस पात्र नव्हती, आणि त्यांच्यातील मृत्यूंच्या प्रमाणात सीमेच्या दोन्ही बाजूंना फरक नव्हता. दोन्हीकडच्या गावांत मुळातच काही वेगळे असते तर ते या कुटुंबांतही दिसायला हवे होते. याउलट, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेविषयी कर्नाटकातच, कलबुर्गी आणि म्हैसूर या जिल्ह्यांत, दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर झालेल्या यादृच्छिक प्रयोगात विम्याने रुग्णालयाचा वापर वाढला तरी प्रकृतीवर मोजता येईल असा परिणाम जवळजवळ दिसला नाही. एका बाजूला गरिबांसाठी मोठ्या शस्त्रक्रियांचे संरक्षण, दुसऱ्या बाजूला कुटुंबामागे वर्षाला ३० हजार रुपयांचे, आणि तेही या प्रयोगात मुख्यतः दारिद्र्यरेषेवरील लोकांना दिलेले. म्हणजे ‘विम्याने जीव वाचतात का’ हा प्रश्न असा मोघम विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या आजाराला, कोणाला आणि किती संरक्षण, हे त्यात आलेच पाहिजे.

आता महाराष्ट्राकडे वळतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. उरलेल्या जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. मधले जवळपास सोळा महिने हे अर्थमितीच्या दृष्टीने सोन्याचे होते. आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री योजनेचा परिणाम तपासणाऱ्या एका अभ्यासात महाराष्ट्र हे योजना नसलेले, तुलनेचे राज्य म्हणून वापरले गेले आहे. आता आपल्याच राज्यात दोन्ही गट तयार झाले होते. पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत योजनेच्या आधी व नंतर झालेला बदल काढायचा, त्याच काळात दुसऱ्या टप्प्यातील जिल्ह्यांत झालेला बदल काढायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा. राहील तो, काही अटींवर, योजनेचा परिणाम. यालाच ‘फरकांतील फरक’ म्हणतात आणि हे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल.

अवघड असतात त्या अटी; मुख्य अट ही की, योजना नसती तर दोन्ही गटांत सारखाच बदल झाला असता. हे आठ जिल्हे सोडतीने निवडलेले नव्हते. गडचिरोली आणि मुंबई एका गटात घालून त्यांची सरासरी काढणे हा तर विनोदच होईल, म्हणून मुंबईचे दोन्ही जिल्हे हिशेबातून वगळावे लागतील. दुसरे, नेमके याच काळात, २०१२-१३ मध्ये, राज्याच्या मोठ्या भागावर भीषण दुष्काळ होता. सोलापूर त्यात होरपळत होता, कोकण नव्हते. सोलापूरची तुलना सिंधुदुर्गाशी केली तर हाती येणारा फरक योजनेचा की दुष्काळाचा, हे सांगता येणार नाही. दुष्काळात लोक खर्चाचे उपचार पुढे ढकलतात, स्थलांतर करतात, आणि दागिने विकायचे तर आधी जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात. परंतु सोलापूरच्या सीमेला लागून तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा आहे. तोही तितकाच दुष्काळग्रस्त होता, मात्र योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात होता. तुळजापूर आणि परंडा भागातील रुग्ण मोठ्या उपचारांसाठी पूर्वापार सोलापुरातच येतात. म्हणजे त्या सोळा महिन्यांत सोलापूरच्या एकाच रुग्णालयात, एकाच डॉक्टरांकडे, एकाच आजारासाठी आलेले दोन रुग्ण असे असू शकत होते की त्यांच्यात मुख्य फरक शिधापत्रिकेवरील जिल्ह्याचा होता. बार्शीकडच्या रुग्णाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते आणि परंड्याकडच्याला नव्हते. यापेक्षा चांगला तुलनेचा गट पुस्तकात देण्यासाठी कोणी रचू म्हटले तरी रचता येणार नाही.

या काळाचा मागोवा सर्वेक्षणांतून घ्यावा म्हटले तर हाती फार थोडे लागते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेऱ्या २००४, २०१४ आणि २०१७-१८ मध्ये झाल्या. जानेवारी ते जून २०१४ च्या फेरीत मागील ३६५ दिवसांतील भरतीची विचारणा होती, त्यामुळे २०१३ मधील काही रुग्ण तिच्यात सापडतात; पण एका जिल्ह्याच्या वाट्याला येणारा नमुना इतका लहान असतो की सोलापूर आणि उस्मानाबाद यांच्यातील फरक नमुन्यामुळे येणाऱ्या त्रुटीच्या मर्यादेतच विरून जातो. शिवाय ‘आधीची’ स्थिती म्हणून २००४ कडे जावे लागते, आणि मधल्या दहा वर्षांत ग्रामीण आरोग्य अभियान आले, रस्ते आले, मोबाइल आले, खासगी रुग्णालये वाढली. योजनेच्या स्वतःच्या नोंदींतून, म्हणजे पूर्वमंजुरी आणि दाव्यांच्या माहितीतून, फक्त योजनेत आलेला रुग्ण दिसतो. परंड्याचा रुग्ण त्यात असणारच नाही. तो सापडेल रुग्णालयाच्या भरती नोंदवहीत, केस पेपरवर, पत्त्यासह. त्या नोंदवह्या रद्दीत गेल्या नसतील तर आजही हा अभ्यास करता येईल.

गंमत अशी की पुढे हीच सीमा उलट्या दिशेने पुन्हा एकदा उपयोगी ठरली असती. शेतकरी आत्महत्यांमुळे आपत्तीग्रस्त ठरवलेल्या १४ जिल्ह्यांतील, म्हणजे मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा येथील, शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले गेले. आता उस्मानाबादचा शुभ्र कार्डवाला शेतकरी योजनेत होता आणि सोलापूरचा त्याच्यासारखाच शेतकरी बाहेर. पहिल्या वेळी रेषेच्या एका बाजूला लाभ, दुसऱ्या वेळी दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेळा परिणाम सारखाच निघाला असता तर तो मानण्यास मोठा आधार मिळाला असता.

आणखी एक मार्ग वरकरणी सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. केशरी शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा वर्षाला एक लाख रुपये होती. तिच्या वर शुभ्र. तेव्हा ९९ हजार आणि १ लाख १ हजार उत्पन्नाच्या कुटुंबांची तुलना करावी, कारण ती जवळजवळ सारखी असणार, असा युक्तिवाद करता येतो आणि इतरत्र अशा सीमारेषांचा उत्तम वापर झालेलाही आहे. पण आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला ज्याने एकदा तरी काढला आहे, त्याला हे सांगायला नको की मर्यादेच्या जरा खाली कुटुंबांची गर्दी आणि जरा वर शुकशुकाट का असतो. जी कुटुंबे खालच्या बाजूला बसतात ती अधिक जाणकार, अधिक गरजू किंवा अधिक वशिल्याची असतात. अशी गर्दी आहे का हे तपासण्याची चाचणी अर्थमितीत आहे, ती आधी करावी आणि गर्दी दिसली तर हा मार्ग सरळ सोडून द्यावा. पद्धत कितीही नावाजलेली असली, तरी ती ज्या तहसील कचेरीतील कागदांवर उभी करायची तिथला व्यवहार माहीत नसेल तर निष्कर्ष भलताच निघतो. रुग्णालयाचे अंतर हे साधन, म्हणजे रुग्णालयाजवळ आणि दूर राहणाऱ्या रुग्णांची तुलना, वापरण्याविषयीही माझे असेच मत आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांबाबत ते फार कौशल्याने वापरले गेले. पण आपल्याकडे शहरापासून दूर असलेला तालुका बहुधा गरीबही असतो, पाण्याविनाही असतो, आणि मग अंतराचा परिणाम निव्वळ उपचारांमार्फत होतो असे म्हणता येत नाही.

खर्चाच्या आकड्यांविषयीही थोडे सांगायला हवे. आरोग्यावरील खर्च सर्वांमध्ये सारखा पसरलेला नसतो. वर्षभरात बहुसंख्य कुटुंबांचा रुग्णालयाचा खर्च शून्य असतो, काहींचा काही हजार आणि अगदी थोड्यांचा लाखांत. सरासरी या थोड्यांच्या हातात असते. नमुन्यात कर्करोगाचे दोन रुग्ण कमी आले तरी ती कोसळते. म्हणून आधी खर्च झाला की नाही आणि झाला असेल तर किती, असे दोन टप्प्यांत पाहण्याची रीत रँडच्या अभ्यासकांनी रूढ केली. ही गोष्ट लक्षात घेतली तर एका सरकारी आकड्याकडे अधिक सावधपणे पाहता येईल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०१७-१८ मध्ये ४८.८ आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे आणि तिचे श्रेय विमा योजनांना दिले जाते. पण खिशातील खर्चाचा अंदाज मुख्यतः नमुना सर्वेक्षणांवर बेतलेला असतो, आणि ७५व्या फेरीत रुग्णालयात भरती होणाऱ्यांचे प्रमाणच आधीच्या फेरीपेक्षा कमी नोंदले गेले. लोक कमी आजारी पडले, उपचार टाळू लागले की प्रश्नावलीच्या पद्धतीत काही बदलले, याचा निवाडा केल्याशिवाय श्रेय वाटून टाकणे घाईचे आहे.

शस्त्रक्रियांची संख्या वाढली म्हणजे आरोग्य सुधारले, असेही नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासनाने चौकशी केली तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्या कोणाच्या पैशाने झाल्या हा वेगळा प्रश्न आहे. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की कोणत्याही योजनेच्या ‘उपचार झालेल्या रुग्णां’च्या यादीत आवश्यक आणि अनावश्यक शस्त्रक्रिया सारख्याच दिसतात.

आपल्या विद्यापीठांतून हे शिकवले जाते का? अर्थमितीच्या तासाला सूत्रांच्या सिद्धता होतात, आरोग्य अर्थशास्त्राच्या तासाला समित्यांच्या शिफारशी होतात, आणि दोन्ही विषयांची एकमेकांशी गाठ पडत नाही. एम. ए. झालेला विद्यार्थी प्रतिगमनाच्या (रिग्रेशनच्या) गृहीतकांची यादी तोंडपाठ म्हणतो, पण ‘तुझ्या गावातल्या उपकेंद्रात परिचारिका आल्याने लसीकरण वाढले का, हे कसे तपासशील?’ असे विचारले की गप्प होतो. साधने नाहीत ही सबब आता चालणार नाही. नमुना सर्वेक्षणाची कुटुंब पातळीवरील माहिती केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते, ती हाताळण्याची आर ही संगणक प्रणालीही फुकट आहे, आणि मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या विद्यार्थ्याला तिथल्या प्रश्नावलीतला प्रत्येक रकाना पुण्या-मुंबईच्या संशोधकापेक्षा चांगला कळतो. ‘फरकांतील फरक’ एखाद्या परदेशी राज्यातील उदाहरणाने शिकवण्याऐवजी २०१२ च्या आठ जिल्ह्यांच्या उदाहरणाने शिकवला तर अटी कुठे मोडतात हे विद्यार्थीच शिक्षकाला सांगतील.

योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली, नंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने उत्पन्नाची अट काढून सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. निर्णयाचे मी स्वागत करतो. परंतु सर्वांना एकदम लाभ दिला की राज्याच्या आत तुलनेचा गट उरत नाही, आणि परिणाम मोजण्याची वाट अरुंद होते. त्यातही काही मार्ग शिल्लक आहेत. योजनेत नव्या रुग्णालयांची आणि नव्या उपचारांची भर सतत पडत असते. ती कोणत्या तालुक्यांत आधी आणि कोणत्या नंतर, हे प्रशासकीय सोयीने ठरत असेल तर ते निकष पूर्ण करणाऱ्या तालुक्यांतून जाहीर सोडतीने ठरवावे. कोणाचाही हक्क त्यामुळे बुडत नाही, कारण सर्वांना एकाच दिवशी देणे तसेही शक्य नसते.

ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने नाव, पत्ता, आधार आणि शिधापत्रिकेचा क्रमांक वगळून, जुलै २०१२ पासूनच्या सर्व दाव्यांची माहिती विद्यापीठांना द्यावी. तीत रुग्णाचा तालुका, वय, लिंग, शिधापत्रिकेचा रंग, उपचाराचा संकेतांक, भरतीचा महिना, रुग्णालय सरकारी की खासगी, मागितलेली व मंजूर रक्कम, नाकारलेल्या पूर्वमंजुरीचे कारण आणि रुग्ण घरी गेला की दगावला एवढे रकाने असले तरी पुरे. नाकारलेले दावे वगळू नयेत. त्यांतूनच बरेच काही शिकायला मिळेल. जिथे एखाद्या तालुक्यात दुर्मीळ आजाराचा एकच रुग्ण असेल तिथे ओळख पटण्याचा धोका आहे, म्हणून अशा नोंदी जिल्हा पातळीवर एकत्र कराव्यात. अर्थ व सांख्यिकी संचालनालय नमुना सर्वेक्षणात केंद्राच्या जोडीने राज्याचा स्वतंत्र नमुना घेत असते. आरोग्याच्या फेरीतील दोन्ही नमुने एकत्र करून जिल्हानिहाय अंदाज काढण्याजोगी माहिती फेरी संपल्यावर वर्षभरात खुली करावी. आणि सोलापूर, नांदेड, धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी आणि अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयाने २०११ ते २०१४ या चार वर्षांच्या भरती नोंदवह्या, त्या जिथे कुठे असतील तिथून काढून, नष्ट करण्याच्या यादीतून तूर्त वगळाव्यात.

कळावे,

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
सोलापूर